पाऊण इंचाची वीट

घर बारा पटींनी लहान करता येतं. दार लहान होतं, खिडकी लहान होते, जिना लहान होतो. पोत मात्र लहान होत नाही. वाळूचा कण तेवढाच राहतो, सुती कापडाची वीण तेवढीच राहते, पाण्याचा थेंब तर हट्टानं तेवढाच राहतो. खऱ्या भिंतीतला एक मिलिमीटरचा वाळूचा कण कोणाच्या नजरेतही येत नाही. तोच कण बाहुलीघराच्या भिंतीत शिरला, तर अर्ध्या इंचाची खडी होऊन बसतो. बाहुलीला आपल्या पातळाचा तुकडा नेसवला तर तो तिच्या अंगावर गोणपाट दिसतो. म्हणून बाहुलीघर करताना माप काढणं हे सगळ्यात सोपं काम आहे. अवघड आहे ते लहान पोत असलेला पदार्थ शोधणं, आणि विटेच्या बाबतीत तो मला कागदात सापडला.

दुकानात विटांचं चित्र छापलेला कागद मिळतो. उठावाच्या विटा असलेले प्लास्टिकचे पातळ पत्रेही मिळतात. कापायचे, चिकटवायचे, तासाभरात भिंत तयार. ज्यांना घराच्या आतलं सामान करण्यात रस आहे, त्यांनी ते जरूर वापरावेत. मला भिंतच करायची होती. छापील कागदावर दहा-बारा विटांची एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते, आणि डोळा ते दोन क्षणांत पकडतो. एकदा पकडलं की ती भिंत राहत नाही, वॉलपेपर होते.

माझ्या भाचीसाठी मी जे घर बांधते आहे ते कराडकडचं आहे. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर गिलावा न केलेल्या लाल विटांच्या भिंती, सागवानी दारं-खिडक्या, वर मंगलोरी कौलं. कृष्णेच्या काठानं खाली सांगलीपर्यंत गेलं तर अशी घरं अजून दिसतात. नदीनं आणून टाकलेली पोयट्याची माती हाताशी, म्हणून या पट्ट्यात विटा पाडणं जुनं आहे. माझं लहानपण त्या भट्ट्यांच्या धुरातच गेलं, असं म्हटलं तरी चालेल. दिवाळी झाली, ओल उतरली, की नदीकाठची मोकळी रानं तांबडी व्हायला लागत.

बाहुलीघरांचं रूढ माप म्हणजे एका फुटाला एक इंच, १:१२. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी वास्तुकार एडविन लटियन्स यांनी आखलेलं आणि १९२४ साली पूर्ण झालेलं बाहुलीघर याच मापाचं आहे. ते आज विंडसर कॅसलमध्ये आहे. त्यात विजेचे दिवे लागतात, नळाला पाणी येतं, लिफ्ट वर-खाली होते. ज्या वर्षांत हे चाललं होतं, त्याच वर्षांत लटियन्स दिल्लीत व्हाइसरॉयचं निवासस्थान, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, उभारत होते. एकाच माणसाच्या टेबलावर ३४० खोल्यांचा प्रासाद आणि बोटाएवढी बाटली ठेवायचं तळघर हे दोन्ही नकाशे शेजारी शेजारी असणार, या विचारानं मला फार बरं वाटतं. लहान काम हे मोठ्या कामाच्या फावल्या वेळात करायचं काम आहे, असं त्यांना वाटलं नसावं.

आपल्याकडे लहान घडवण्याची सवय वेगळी आहे. दिवाळीतल्या किल्ल्याला माप नसतं. बुरुजापेक्षा मावळा उंच, आणि सगळ्यांत मोठे सिंहासनावरचे महाराज. तिथं जो महत्त्वाचा तो मोठा, एवढाच नियम, आणि त्या नियमाला एक शहाणपण आहेच. भातुकलीतही तेच: चूल आणि पातेली हातात धरता येतील एवढी मोठी, घर मात्र चटईच्या एका कोपऱ्यात मावणारं. १:१२ हे त्यापेक्षा कडक शिस्तीचं प्रकरण. त्यात महाराजांनाही साडेपाच इंचांच्या आसपासच राहावं लागतं, आणि विटेलाही स्वतःचं माप सोडता येत नाही.

ते माप फार सुंदर निघतं. आपली जुनी वीट लांबीला नऊ इंच, रुंदीला साडेचार, जाडीला तीन. भट्टीगणिक थोडा फरक पडतो, पण गवंडी हेच धरून चालतो. बारानं भागलं की पाऊण इंच, तीन अष्टमांश इंच आणि पाव इंच. पट्टीवरच्या रेघांवर अगदी नेमकं बसतं. सरकारी मानकातली वीट १९० × ९० × ९० मिलिमीटरची आहे, पण कराडच्या जुन्या घराला ती चालणार नाही. तिची दर्शनी बाजू जास्त उभट दिसते. विटांमधली दरज खऱ्या भिंतीत साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे इथं एक मिलिमीटरलाही किंचित कमी. वजनाचा हिशेब आणखी गमतीचा आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही बारा पटींनी घटतात, म्हणून आकारमान १,७२८ पटींनी घटतं. तीन किलोची वीट त्याच मातीची केली तर पावणेदोन ग्रॅमची होईल. माझी त्याहून हलकी आहे, कारण तिच्यात निम्म्याहून अधिक कागद आहे.

कागदाच्या लगद्याशी आपली ओळख जुनी आहे. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका रद्दी भिजवून, कुटून, पालथ्या पातेल्यावर थापून टोपल्या करायच्या. त्यात वाटलेल्या मेथ्या घालायच्या. मेथ्या भिजल्या की त्यांना जो चिकटा सुटतो तो कागदाचे तंतू धरून ठेवतो, आणि त्या कडवट वासानं किडा-मुंगीही लांब राहते असं त्या सांगत. वरून शेण-मातीचा किंवा खळीचा हात फिरवला की अशा टोपलीत वर्षानुवर्षं कडधान्य राहायचं. पेणच्या आणि इतर ठिकाणच्या गणपतींच्या कारखान्यांतही कागदी लगद्याच्या मूर्ती होतात. शाडूपेक्षा हलक्या, उंच मूर्तीला सोयीच्या. बाहेरच्या देशांत पाकिटातून विकत मिळणारा पेपर क्ले आणि आजीची टोपली यांच्यात तत्त्वाचा फरक काहीच नाही. तंतू, माती, आणि दोघांना बांधणारं काहीतरी.

कागद कोणता घ्यावा, यावर मात्र माझं ठाम मत आहे. हातकागद फार देखणा, चिंध्यांच्या कापसाचा, लांब तंतूंचा. म्हणूनच इथं तो नको. पाव इंच जाडीच्या विटेत लांब तंतू कडेनं केसासारखे बाहेर येतात आणि वीट लोकरीची दिसते. वर्तमानपत्राचा कागद लाकूड भरडून केलेला असतो, त्याचे तंतू आखूड आणि कमजोर. छापखान्याच्या दृष्टीनं तो स्वस्त माल, पण लहान विटेला तोच उत्तम. अंड्यांचे ट्रे तर आधीच लगद्याचे असतात. ते लवकर भिजतात आणि शाईचा काळेपणाही कमी. मी दोन्ही मिसळते. फाडायचं, रात्रभर भिजवायचं, भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढायचं, फडक्यात पिळायचं. लगदा जितका बारीक तितकी वीट खरी.

पिळलेला लगदा दोन वाट्या, शाडू एक वाटी, खडूची पूड अर्धी वाटी, फेव्हिकॉल पाव वाटी आणि चमचाभर आळशीचं तेल. शाडू वस्त्रगाळ असायला हवा. तिथं आळस केला तर तो एक मिलिमीटरचा कण पुन्हा येऊन भिंतीत बसतो. खडूमुळे पृष्ठभाग सपाट होतो, तेलामुळे गोळा लवचीक राहतो. बुरशी दूर ठेवायला लवंगेच्या तेलाचे चार थेंब घातले तर अधिक चांगलं. मग मळायचं, आणि मळायचंच. गोळा हाताला चिकटायचा थांबला, मोडल्यावर कडा फाटली नाही, की झाला. रंग मी मळतानाच घालते. गेरू आणि हिरमुजी, दोन्ही लोखंडाच्या गंजाचेच रंग; खऱ्या विटेला लालपण देणारं द्रव्यही तेच आहे. वरून रंगवलेली वीट कोपऱ्यात ठेचकाळली की आतून पांढरी दिसते, आणि जुन्या घराच्या विटांचे कोपरे तर ठेचकाळलेलेच हवेत.

भट्टीवरचे लोकही मातीत असंच काहीतरी मिसळतात. आमच्याकडे साखर कारखाने जवळ, म्हणून बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. भाताच्या मुलखात तूस. कुठं कोळशाची राख. वाळताना हे तंतू मातीला तडकू देत नाहीत, आणि भाजताना विटेच्या पोटात स्वतः जळून आतून आच देतात, मागे बारीक छिद्रं ठेवून जातात. वीट पाणी पिते ती या छिद्रांमुळेही. माझ्या विटेला आग लागायची नाही, त्यामुळे तिच्यातला कागद कायमचा तिथंच राहणार. लगदा मळताना पोटापर्यंत बुडालेल्या एखाद्या बातमीचं अक्षर अजून दिसत असतं. त्या बातम्या आता भिंतीत आहेत.

वीट करायच्या तीन रीती आहेत. लगद्याचा पातळ थर लाटून प्लायवूडवर चिकटवायचा आणि ओला असतानाच टोकदार काडीनं दरजा कोरायच्या, ही सगळ्यात झटपट रीत. दुसरी, लाटलेल्या थराच्या पातळ चकत्या कापून एकेक चिकटवायची. बहुतेक लोक हीच वापरतात, आणि दिसायलाही ती छान दिसते. तिसरी रीत पूर्ण जाडीची वीट साच्यातून पाडायची. वेळ सगळ्यात जास्त लागतो, आणि माझ्या मते करण्यासारखी तीच. कापलेल्या विटेच्या सगळ्या कडा सारख्या धारदार निघतात. साच्यातून पडलेल्या विटेला अंग असतं: खालची बाजू सपाट, वरची हातानं निपटलेली, कोपरे किंचित दबलेले, कुठं एका अंगाला रेघ. खरी वीट अशीच असते, कारण तीही साच्यातूनच पडते.

मी ॲक्रिलिकच्या जाड पत्र्यात लेझरनं खाने कापून घेतलेला बिनबुडाचा साचा वापरते. भट्टीवर साच्याला राख किंवा बारीक वाळू लावतात, मी टाल्कम पावडर लावते. बोटानं लगदा कोपऱ्यांत दाबायचा, पट्टीनं वरचा निपटायचा, साचा उचलायचा. लगदा वाळताना आक्रसतो, म्हणून खाने मापापेक्षा थोडे मोठे ठेवावे लागतात. किती मोठे, ते प्रत्येक गोळ्यातल्या पाण्यावर ठरतं, त्यामुळे नवा गोळा झाला की आधी दोन विटा वाळवून मोजायच्या.

पुढं वाळवणं. सारी कला इथं आहे. वरची बाजू आधी वाळली तर ती ओढली जाते आणि वीट होडी होते. त्यासाठी सावली हवी, पंखा नको, वर वर्तमानपत्राचा एक पदर हवा. पहिल्यांदा आडव्या, मग कडेवर उभ्या, मग एकमेकींत फट ठेवून रचलेल्या. हे मी कुठल्याही पुस्तकातून घेतलेलं नाही. कृष्णेकाठच्या रानात हेच चालायचं: ओळींनी आडव्या पडलेल्या ओल्या विटा, दोन-तीन दिवसांनी बायका त्या कडेवर उलटायच्या, मग जाळीसारख्या रचायच्या, म्हणजे वारा मधून जाईल. लहानपणी ते नुसतं दिसायचं. उलटताना बोटं कुठं धरायची, फार लवकर उलटली तर कोपरा कसा बसतो, उशीर केला तर खालची बाजू जमिनीला कशी धरून राहते, हे आता हाताला कळलं.

आणि हजार म्हणजे किती, हे कळलं.

भट्टीवर मजुरी हजारावर ठरते. हजार विटांना अमुक. नवरा-बायको मिळून दिवसाला हजाराच्या आसपास विटा पाडतात, असं मी लहानपणापासून ऐकत आले. नवरा चिखल करतो आणि गोळे देतो, बायको थापते, किंवा उलट. पोरं वाळलेल्या विटा उलटतात. ‘हजार’ हा आकडा ऐकायला गोल आहे, म्हणून तो कानावरून घरंगळत जातो. माझ्या बाहुलीघराच्या दर्शनी भिंतीचं गणित केलं, चोवीस इंच रुंदी, अठरा इंच उंची, दारं-खिडक्या वजा, तर दीड हजाराच्या घरात विटा आल्या. एका भिंतीला. टेबलाशी बसून, सावलीत, हाताला लागेल एवढाच पदार्थ घेऊन हजार वेळा साचा भरायचा म्हणजे काय, ते मनगटाला समजतं. तिथं प्रत्येक वीट ओली असताना तीन किलोंहून जड असते. ती पाडायची, उलटायची, उचलायची, रचायची, भट्टीला वाहायची, भट्टी लावायची, भाजून गार झाली की उतरवायची, गाडीत भरायची. भिंतीत बसेपर्यंत एका विटेला किती वेळा हात लागतो, ते मोजत गेलं की आपल्या शहरांकडे बघायची नजरच बदलते. वीट बारा पटींनी लहान केली, वजन १,७२८ पटींनी घटलं, पण हात लागायचे तेवढेच लागले. त्यातला एकही टप्पा गाळता आला नाही.

रायगड, ठाणे, पालघर या भागांतल्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबं मोठ्या संख्येनं जातात. पावसाळ्यात हाताला काम नसताना मालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर घरदार बांधून भट्टीवर राहायला जायचं, उन्हाळा संपेपर्यंत. त्या सहा-सात महिन्यांच्या खोपटाला भोंगा म्हणतात. पोरांची शाळा सुटते म्हणून भट्टीवरच चालवल्या गेलेल्या शाळांना भोंगाशाळा हे नाव पडलं. उचल फिटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच जावं लागतं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. विटेबद्दल लिहायचं आणि हे लिहायचं नाही, हे मला जमणार नाही. माझ्या टेबलावरची वीट मी आनंदासाठी करते. ज्यांच्या हाताची ती नक्कल आहे त्यांनी तो हिशेब कधी आनंदानं मांडला नसेल, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

साच्यात खाच पाडणारी एक लहान पट्टीही मी बसवली आहे. खऱ्या विटेच्या एका अंगावर खाच असते, तिच्यात भट्टीमालकाची अक्षरं उमटवलेली असतात. भिंत रचताना त्या खाचेत माल, म्हणजे विटा जोडणारं मिश्रण, बसतो आणि पकड येते. भाचीनं हे ऐकल्याबरोबर विचारलं, “मावशी, मग आपली भट्टी कोणाची?” तिचीच, म्हणून तिची दोन अक्षरं. तारेची, उलटी वळवलेली, एवढीशी. भिंत झाल्यावर त्यातलं एकही अक्षर दिसणार नाही, हे तिला सांगितलं. तिला त्यात काही अडचण वाटली नाही.

भाजण्याचं काम माझ्याकडे रंगानं करायचं आहे, आणि ते नीट करायचं तर आग काय करते ते ठाऊक हवं. आमच्याकडच्या भट्टीत विटांच्या थरांमध्येच जळण पसरतात, बाहेरून मातीनं लिंपतात, आणि ती दिवसेंदिवस जळत राहते. आच सगळीकडे सारखी पोचत नाही. मधल्या विटा पक्क्या, गडद लाल. त्या एकमेकींवर वाजवल्या तर खणखणीत आवाज येतो. कडेच्या फिक्या, पिवळट, नखानं ओरखडा उठणाऱ्या. जळणाला अगदी लगटून असलेल्या काळपट, फुगलेल्या, कधी वेड्यावाकड्या. चांगला गवंडी फिक्या विटा आतल्या भिंतीला ढकलतो, पण थोड्याफार बाहेर येतातच. म्हणून मी लगद्याचे चार गोळे वेगवेगळ्या रंगांचे केले: बहुतेक गेरूचा, एक हिरमुजी जास्त घातलेला, एक पिवडी मिसळलेला, एक काजळी घातलेला. काळ्या विटांची संख्या फार थोडी ठेवायची. ती वाढली की भिंत बुद्धिबळाचा पट होते.

रचायची वेळ आली तेव्हा मी गावाकडच्या एका म्हाताऱ्या गवंडीकाकांना फोटो पाठवला. त्यांनी उभं आयुष्य थापी धरली आहे. त्यांना हे काम पोरखेळ वाटेल अशी मला धास्ती होती. ते म्हणाले, “ताई, आधी दोन्ही कोपरे उचला, मग सूत बांधा, मग मधलं भरा. आणि सांध्यावर सांधा येऊ देऊ नका.” बस. खऱ्या भिंतीला जे सांगायचं तेच. माझी भिंत नऊ मिलिमीटरच्या प्लायवूडवर आहे. प्लायवूड आणि साडेनऊ मिलिमीटरची वीट मिळून पाऊण इंच होतात, म्हणजे खऱ्या घराची नऊ इंची भिंत. एका थरात विटेची लांब बाजू समोर, वरच्या थरात टोकं समोर. टोकांच्या थरासाठी अद्ध्या विटा लागतात, आणि सांधे मोडण्यासाठी कोपऱ्याशी पाव तुकडा. करवतीच्या पात्यानं कापलेल्या अद्ध्या फार स्वच्छ निघतात. चिमट्यानं तोडल्या तर कड खरी निघते, गवंड्यानं थापीच्या फटक्यानं तोडल्यासारखी.

इथं एक गोष्ट मला फार विचार करायला लावणारी वाटली. माझी भिंत भार घेत नाही. सगळं प्लायवूडनं धरलेलं आहे, तरी खिडकीच्या वर सरळ वीट लावून चालत नाही. डोळ्याला लगेच कळतं की ती वीट हवेत आहे. तिथं एक तर सागवानी तुळई हवी, दोन्ही बाजूंनी भिंतीत नीट मुरलेली, नाहीतर विटांची कमान. माणसाला स्थापत्यशास्त्र शिकवलेलं नसतं, पण आयुष्यभर भिंतींच्या सावलीत वावरल्यामुळे वजन कुठून कुठं उतरतं याचं भान त्याच्या नजरेत मुरलेलं असतं. मी समोरच्या दाराला कमान केली. कमानीच्या विटा वर रुंद, खाली अरुंद घासाव्या लागतात, आणि शेवटची मधली वीट बसवताना कागदी भिंत असूनही मी श्वास धरला होता.

दरजा भरणं हे शेवटचं मोठं काम. खरी वीट लावण्याआधी पाण्यात भिजवतात, नाहीतर ती मालातलं पाणी ओढून घेते आणि माल कोरडा पडतो. साध्या प्रतीच्या विटेनं २४ तास पाण्यात राहून आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ नये, असं भारतीय मानक सांगतं. माझी कागदी वीट भिजवली तर तिचा पुन्हा लगदा होईल. म्हणून आधी फ्रेंच पॉलिशचा अगदी पातळ हात, तो सुकला की खडूची पूड, चिमूटभर पिवडी आणि फेव्हिकॉल यांचं घट्टसर मिश्रण दरजांत बोटानं भरायचं आणि जवळजवळ कोरड्या स्पंजानं पुसून घ्यायचं. चुन्याची दरज सिमेंटसारखी करडी नसते, किंचित उबदार पांढरी असते. ही पांढरी रेघ विटांच्या मधून धावली, की इतका वेळ नुसत्या चिकटवलेल्या विटा होत्या त्यांची भिंत होते. त्या क्षणाला मी घरातल्या सगळ्यांना हाक मारली.

मग घराला पावसाळे दाखवायचे. जोत्यालगतच्या खालच्या चार-पाच थरांना लोणा: जमिनीतली ओल भिंतीत चढते, पाणी उडून जातं आणि क्षार पांढरे फुटून बाहेर येतात. त्यासाठी खडूचं पातळ पाणी, कोरड्या ब्रशनं. वळचणीखाली पाणी जिथून ओघळतं तिथं काळसर पट्टे, उत्तरेच्या सावलीतल्या कोपऱ्यात शेवाळाची हिरवट झाक, मागच्या दाराजवळ न्हाणीच्या चुलीचा धूर. यातला एकही डाग नुसता शोभेसाठी घालायचा नाही, असा मी नियम केला आहे. त्याला घरात काहीतरी कारण हवं. १९४०च्या दशकात अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंनी १:१२ मापातच गुन्ह्यांच्या जागांच्या खोल्या तयार केल्या होत्या, तपास करणाऱ्या पोलिसांना बारकाईनं बघायला शिकवण्यासाठी. त्यातल्या अठरा आजही बाल्टिमोरला आहेत. त्या खोल्यांत प्रत्येक डाग म्हणजे पुरावा. माझ्या घरात गुन्हा घडलेला नाही, पण पाऊस पडलेला आहे, स्वयंपाक झालेला आहे, कोणीतरी सायकल नेहमी एकाच जागी टेकवलेली आहे, आणि ते भिंतीवर वाचता यायला हवं.

कागदाचं घर म्हणजे कसर आणि वाळवीला आमंत्रण, असं मला बऱ्याच जणांनी बजावलं. ते बरोबर आहे. खालच्या प्लायवूडला कडुनिंबाचं तेल लावलं आहे, आत कापराच्या वड्यांची पुरचुंडी आहे, आणि पावसाळ्यात हे घर भिंतीला टेकवून ठेवायचं नाही, असं भाचीच्या आईला सांगून ठेवलं आहे. उरलेल्या विटा भाचीनं मागून घेतल्या. त्या ती ट्रकमध्ये भरते, दिवाणाखाली उतरवते, मोजते आणि पुन्हा भरते. घराकडे तिचं अजून तेवढं लक्ष नाही.

आता कौलं. मंगळुरूला बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेनं १८६५ साली कारखाना काढला आणि तिथून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर सगळीकडे पसरली. सोळा इंच लांब, नऊ-साडेनऊ इंच रुंद, म्हणजे माझ्याकडे सव्वा इंचाहून थोडी मोठी आणि पाऊण इंचाहून थोडी रुंद. पण जाडी जेमतेम एक मिलिमीटर, आणि एकमेकींत अडकणाऱ्या पन्हाळ्या त्याच जाडीत बसवायच्या. वीट जाड होती, तिनं लगद्याच्या चुका सांभाळून घेतल्या. कौल तसं करणार नाही. लगद्यात शाडू कमी आणि कागद जास्त लागेल, बहुधा इथं हातकागदाचे लांब तंतूच कामाला येतील, आणि साचा दोन्ही बाजूंनी दाबणारा हवा. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, हेही मी बोलून बसले आहे. त्यामुळे भाचीनं कागदावर नाव लिहून आणून दिलंय, या वेळी पूर्ण, आडनावासकट, आणि खाली ‘कराड’.